कोट कुणाचा, माप कुणाचं?

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

मराठी विभागासाठी लिहिशील का, असं विचारलं गेलं तेव्हा मी आधी हसलोच. मी पडलो कॉन्व्हेंटवाला! एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यात माझा अजूनही घोळ होतो आणि त्यावरून मेसमध्ये रोज माझी उतरवली जाते. तेव्हा कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा विषय मला इंग्रजीत लिहिताच येईना. कारण ज्यांच्याकडून मी तो शिकलो, ती सगळी माणसं मराठीत बोलली.

विषय आहे ब्लेझर.

हसू नका. नोटीस बोर्डावर कंपनीचं नाव लागतं, खाली पात्रतेचे निकष, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ असते: ब्लेझर व टाय अनिवार्य. सीजीपीएची ओळ वाचून जेवढा घाम फुटत नाही तेवढा ही ओळ वाचून फुटतो. सीजीपीए निदान आपला स्वतःचा असतो. ब्लेझर मात्र शोधावा लागतो!

यंदा इंटर्नशिपच्या मुलाखतींना आमच्या विंगमध्ये उमेदवार होते अकरा आणि ब्लेझर तीन. पहिला आत गेला की दुसरा बाहेर शर्टाची बटणं लावून तयार. पहिला बाहेर आला की 'काय विचारलं रे?' हे नंतर, आधी 'कोट काढ!' एकाला खिशात दुसऱ्याचा रुमाल सापडला, तिसऱ्याला मागच्या वर्षीचं कराडचं एस.टी.चं तिकीट. आम्ही पोट धरून हसलो.

माझा रूम पार्टनर हसला नाही. तो आटपाडीकडचा, अंगानं काडी. छाती छत्तीस, आणि त्याच्या वाट्याला आला बेचाळीसचा कोट. खांदे दोन बोटं खाली लोंबत होते आणि बाह्यांतून फक्त बोटांची टोकं दिसत होती. मुलाखतीहून आल्यावर तो एवढंच म्हणाला, "सगळा वेळ बाह्याच सावरत होतो रं. प्रश्न थर्मोचा होता, येत होता मला."

त्याचं सिलेक्शन झालं नाही. कोटामुळे झालं नाही असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पण अडीच वर्षं ज्या मुलानं मला थर्मो शिकवलं, तो त्या खुर्चीत बसून उष्णतेचा विचार करायचा सोडून बाह्यांचा विचार करत होता, एवढं खरं आहे.

मग काय, माझं डोकं फिरलं. त्याच रात्री मी या अंकासाठी एक लेख लिहून काढला. शीर्षक होतं 'ब्लेझर हटाव!' त्यात सगळं होतं: इंग्रजांची गुलामी, सांगलीचा एप्रिल-मे, आणि टी-शर्ट घालून कंपन्या उभारणारे अब्जाधीश. मला तो फारच भारी वाटला. मी तो रूम पार्टनरला वाचून दाखवला. वाटलं, आता हा मिठी मारणार.

तो म्हणाला, "तुला नको असंल. मला पायजे."

मी गप्प. तो पुढे म्हणाला, "तुझ्या पप्पांचा कोटातला फोटो हाय का घरात?" आहे. लग्नातला आहे, बँकेच्या कार्यक्रमातला आहे. माझासुद्धा आहे, शाळेच्या ब्लेझरमधला, पाच वर्षांचा असल्यापासून. "आमच्यात नाही कुणाचा. मी घालणार तो पहिला. माझा बाप डाळिंबाच्या पैशातनं मला कोट घेऊन द्यायला तयार हाय, आणि तू म्हणतोस हटाव. कोट वाईट नव्हता रं. माझ्या मापाचा नव्हता."

मी लेख फाडला. (खरं म्हणजे डिलीट केला, पण फाडला म्हटलं की बरं वाटतं.)

साताऱ्यातली शाळा

त्यानंतरच्या सुट्टीत मी घरी साताऱ्याला गेलो होतो. राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलवरून मी लहानपणापासून हजार वेळा गेलो असेन. त्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं आणि तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे मला माहीत होतं. 2017 पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो हेही माहीत होतं. पण जनरल नॉलेजसारखं. आत काही गेलं नव्हतं.

या वेळी मी त्यांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटं आत्मकथन वाचलं. त्यात साताऱ्याच्याच दिवसांतला, 1901 च्या सुमाराचा एक प्रसंग आहे. वडील नोकरीनिमित्त खटाव तालुक्यात होते आणि त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावलं होतं. मुलांना केवढा आनंद! प्रवासासाठी नवे शर्ट शिवले गेले, चमकदार टोप्या आल्या, नवे बूट आले, रेशीमकाठी धोतरं आली. मुलं आगगाडीनं मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणीच आलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं विचारपूस केली. एवढे चांगले कपडे, नीट बोलणं. त्याला वाटलं ही ब्राह्मणांची मुलं. मुलांनी खरी जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. मग एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार.

मसूर आपल्या सांगली-सातारा रेल्वेमार्गावरचंच स्टेशन आहे. मी तिथून किती वेळा गेलोय, खिडकीत बसून भडंग खात!

हे वाचून मला दोन गोष्टी कळल्या, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिली ही की कपड्यानं माणूस झाकता येत नाही. नवे शर्ट आणि नवे बूट मिळून एका प्रश्नापुरतेही टिकले नाहीत. दुसरी ही की तरीही त्या मुलानं मोठेपणी कोट सोडला नाही. आज गावोगावच्या पुतळ्यांत बाबासाहेब सूट-टाय घालून उभे आहेत. ज्यांनी इतरांनी काय नेसावं, काय घालावं हे शेकडो वर्षं ठरवलं, त्यांना दिलेलं ते उत्तर आहे असं मला वाटतं. त्याला 'इंग्रजांची गुलामी' म्हणायचा अधिकार माझ्यासारख्याला नाही.

साताऱ्याचंच दुसरं उदाहरण आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली, आणि स्वतः आयुष्यभर साधी खादी वापरली. 'कमवा आणि शिका' म्हणणाऱ्या माणसाला तीच शोभते. एकानं कोट घातला, दुसऱ्यानं नाकारला. दोघांचाही मान त्यात वाढला, कारण दोघांनीही ते स्वतः ठरवलं होतं.

नोटीस बोर्डावरच्या त्या ओळीत नेमकं तेच नसतं. तिथे आपण काहीच ठरवत नाही.

कोटाच्या पोटात काय असतं?

असो. रूम पार्टनरला त्याच्या मापाचा कोट हवा होता. मी म्हटलं, चल शोधू. आणि मग आम्ही दोघं सांगलीच्या कापड पेठेत, हरभट रोडला, मारुती चौकात दोन शनिवार हिंडलो.

पहिल्यांदा तयार ब्लेझर बघितले. काळा, चकचकीत, अडीच-तीन हजारांपर्यंत. हातात घेतला की पुठ्ठ्यासारखा लागतो. असं का, हे आम्हाला सांगितलं एका टेलर मास्तरांनी. नाव लिहिणार नाही, त्यांना प्रसिद्धी आवडत नाही आणि त्यांच्याकडे तसंही दिवाळीपर्यंतचं काम पडलेलं आहे.

कोटाच्या पुढच्या भागात, वरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये, आणखी एक थर असतो. जुन्या पद्धतीत तो कॅनव्हासचा असतो: लोकर, सुती धागा आणि घोड्याचे किंवा बकरीचे केस घालून विणलेला. तो हातानं, सैल टाक्यांनी शिवून बसवतात. त्यामुळे कापड आणि कॅनव्हास थोडे थोडे एकमेकांवर सरकतात आणि कोट अंगाचा आकार घेतो. स्वस्त कोटात कॅनव्हास शिवत बसायला वेळ नसतो. तिथे मागे गोंदाचे ठिपके असलेलं कापड येतं. साधारण 130 ते 150 अंश तापमानाला काही सेकंद दाबलं की ते वरच्या कापडाला चिकटतं. म्हणजे आपल्या भाषेत लॅमिनेटेड कॉम्पोझिट! दोन थरांचं प्रसरण वेगळं, आकुंचन वेगळं. इस्त्री, ड्रायक्लीन, पाऊस असं काही वेळा झालं की बाँड सुटतो आणि छातीवर फुगे येतात. चांगल्या प्रतीचं फ्युजिंग बरीच वर्षं टिकतं, हे मास्तरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. हलकं टिकत नाही.

"2019 च्या पुरात दुकानात पाणी शिरलं," मास्तर म्हणाले. त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती हे सांगलीकरांना सांगायला नको. "शिवायला आलेलं, दुरुस्तीला आलेलं, सगळं भिजलं. गोंदाचे कोट पापडासारखे फुगले. हातशिलाईचे दोन होते, ते उसवले, धुतले, परत शिवले. गिऱ्हाईक अजून घालतंय."

मटेरियल सायन्सचा याहून चांगला तास मी आजवर बसलेलो नाही. (सर, रागावू नका!)

मऊ शिलाईची हवा

आता फॅशनकडे येतो. सध्या जगभर ज्याला सॉफ्ट टेलरिंग म्हणतात ती म्हणजे थोडक्यात हे पोट रिकामं करणं. खांद्यात पॅड नाही, किंवा अगदी पातळ. कॅनव्हास नाही, किंवा फक्त छातीपुरता. अस्तर नाही, किंवा फक्त खांद्यांना आणि बाह्यांना, म्हणजे हात सहज आत जावा. बाही शर्टासारखी बसवलेली, खिसे वरून लावलेले. कोट घातल्यावर वाटावं की जाड शर्ट घातलाय.

ही काही कालची टूम नाही. इटलीतल्या नेपल्सचे शिंपी 1930 च्या दशकापासून असे कोट शिवत आले. व्हिन्सेन्झो अत्तोलिनी हे त्यातलं मोठं नाव. कारण साधं होतं. लंडनच्या थंडीसाठी बनलेला कोट नेपल्सच्या उन्हात कोण घालणार? पुढे 1975 मध्ये मिलानला स्वतःची कंपनी काढणाऱ्या जॉर्जिओ अरमानींनी तयार कपड्यांमधून पॅड आणि जाड अस्तर काढून टाकलं आणि हा मऊ कोट जगभर नेला. सप्टेंबर 2025 मध्ये ते वारले तेव्हा सगळ्या बातम्यांत हेच लिहिलं होतं.

पण मला गंमत वाटली ती वेगळीच. नेपल्सचं ऊन म्हणून त्यांनी कोट मऊ केला. आपल्याकडे ऊन काय कमी आहे? आपल्याकडच्या जुन्या कपड्यांत पॅड, फ्युजिंग, काहीच नव्हतं. बंडी बघा, अंगरखा बघा, बंदांनी बांधायची बाराबंदी बघा. ते सगळं मऊच होतं. मग कोट आला, आणि आपण लंडनचा घेतला. घेतला तो घेतला, तो आजही मुलाखतीच्या दिवशी लाइट गेलेल्या सेमिनार हॉलमध्ये घालून बसतो.

थोडे आकडे देतो, इंजिनिअरिंगचं मासिक आहे शेवटी. प्रमाणित हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण 8.5 टक्के ओलावा धरून ठेवतो, लोकर 16 टक्क्यांच्या आसपास, पॉलिस्टर फक्त 0.4 टक्के. म्हणजे पॉलिस्टरचं वरचं कापड, गोंदाचा थर आणि खाली परत पॉलिस्टरचं अस्तर, हे अंगावर चढवलं की घामाला जायला जागाच नाही. उमेदवार घाबरला म्हणून घामाघूम झालाय की कोटामुळे, हे समोरच्या पॅनेलला कसं कळणार?

हिशोब

म्हटलं, मास्तर, आत काही घालू नका, तसाच शिवा. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "पॅड नको, अस्तर नको, बक्रम नको. मग त्याला कोट कशाला म्हणायचं बाळा? सदराच की तो!"

मी मोबाईलवर फोटो दाखवले. त्यांनी दोन बोटांनी मोठे करून शिलाई बघितली, बराच वेळ. मग म्हणाले, "जमंल. पण स्वस्त होईल असं समजू नको."

हे मला अनपेक्षित होतं. कमी माल, म्हणजे कमी पैसे, असा माझा सरळ हिशोब. पण अस्तर ही नुसती चैन नसते, ते आतला सगळा पसारा झाकतं. अस्तर काढलं की प्रत्येक शिलाई उघडी पडते; मग तिच्या कडेला पट्टी लावून ती बांधून घ्यावी लागते. वाचलेलं कापड शंभर-दोनशेचं, वाढलेलं काम दोन तासांचं. आमचा सौदा अखेर अर्ध्या अस्तरावर आणि छातीपुरत्या कॅनव्हासवर ठरला. शिलाई 2600 रुपये.

रूम पार्टनरनं सव्वादोन मीटर कापड घेतलं, गडद निळं, सुती मिश्रण, 340 रुपये मीटर. कापड 765, शिलाई 2600, एकूण 3365. तयार ब्लेझरपेक्षा पाचशे रुपये जास्तच! तेव्हा 'स्वस्तात मस्त' असं मी इथे लिहिणार नाही. पण या पाचशेत त्याला काय मिळालं ते सांगतो. त्याच्या खांद्यावर बसणारा खांदा मिळाला. फुगे न येणारी छाती मिळाली. आणि मिळाली माया. मला हा शब्द माहीत नव्हता. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला टेलर लोक माया म्हणतात. "इंचभर माया ठेवलीय," मास्तर त्याला म्हणाले, "नोकरी लागल्यावर अंग भरणारच. तवा ये, सोडून देतो." तयार कोटात ती जवळजवळ नसतेच. तो कोट आजच्या आपल्यासाठीच असतो, आणि तेसुद्धा नशीब असेल तर.

माझा कोट फुकट झाला असं म्हणायला हरकत नाही, कारण कापड घरातच होतं. आणि हे प्रत्येकानं आपापल्या घरी बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे! आपल्याकडे लग्नात आहेर म्हणून पँटपीस, शर्टपीस, मानाच्या माणसाला सूटचं कापड द्यायची पद्धत आहे. ते कुणी शिवत नाही. आई ते कपाटात ठेवते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला देते. काही पीस तर असे आहेत की ते सातारा, कराड, विटा, सांगली करून परत आमच्याच घरी आलेत! मामाच्या लग्नात पप्पांना मिळालेलं तीन मीटरचं राखाडी कापड मी उचललं. काठावर भिलवाड्याचं नाव आहे. आई म्हणाली, "अरे, ते पुढच्या महिन्यात द्यायला काढून ठेवलं होतं." म्हटलं, राहू दे, फेरा थांबव आता.

कराचंही एक आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्के आणि त्याच्या वरच्यावर अठरा टक्के जीएसटी आहे. म्हणजे जरा बरा तयार ब्लेझर घ्यायला गेलं की लगेच अठरा टक्के. कापडावर मात्र पाच. आणि कापडाला आपल्याकडे तोटा नाही. सांगलीहून तासाभराच्या आत इचलकरंजी, जिथे 1904 साली पहिला यंत्रमाग आला. आपल्याच जिल्ह्यात विट्याचे यंत्रमाग. एवढं कापड विणणाऱ्या भागातल्या मुलांनी पुठ्ठ्याच्या कोटासाठी रांग लावायची?

पण एक धोका

इथपर्यंत लिहून मी खूश होतो. मग परत रूम पार्टनरला दाखवलं. (आता मी त्याला दाखवल्याशिवाय काही लिहीतच नाही.) तो म्हणाला, "चुरगळलेला कोट तुला चालंल. तुझं इंग्रजी ऐकलं की ते म्हणतील, वा, स्टायलिश हाय. मी घातला तर म्हणतील, इस्त्री पण केली नाही."

हे मला कुठल्याही फॅशनच्या लेखात वाचायला मिळालं नव्हतं. सैल, साधं, सहज दिसणं ही त्यांचीच चैन असते ज्यांच्याकडे मान आधीपासून आहे. अब्जाधीश टी-शर्टमध्ये साधा दिसतो. वॉचमन टी-शर्टमध्ये फक्त वॉचमन दिसतो. म्हणून 'सगळे मऊ, ढगळ कोट घाला, हाच ट्रेंड आहे' असं सांगणं म्हणजे नोटीस बोर्डवरची एक ओळ खोडून तिथे दुसरी लिहिण्यासारखंच आहे. आतून मऊ असावा, घाम जावा, अंगाला लागू नये, पण बाहेरून खांद्याची रेघ नीट असावी, हा त्याचा निवाडा. त्याचा कोट तसाच झालाय. माझ्यापेक्षा चांगला झालाय, हे मी जड अंतःकरणानं मान्य करतो.

काही जण म्हणतील, ड्रेस कोडमुळे सगळे सारखे दिसतात, गरीब-श्रीमंत कळत नाही, शिस्त येते. युनिफॉर्मचा हा फायदा मी स्वतः तेरा वर्षं घेतलाय, त्यामुळे तो मी नाकारत नाही. पण युनिफॉर्म सगळ्यांना मिळत असेल तरच तो सारखेपणा. ज्याला परवडतो त्याच्या मापाचा आणि ज्याला परवडत नाही त्याच्या अंगावर दुसऱ्याचा, यात सारखं काय आहे? उलट कोण उसना कोट घालून आलाय हे लांबून कळतं.

मग करायचं काय?

नुसती टीका करून थांबलो तर सर म्हणतील, सोल्यूशन लिहा, स्टेप्सना मार्क आहेत. म्हणून चार गोष्टी.

एक, नोटिशीतली ती ओळ बदलावी. 'स्वच्छ, नीटनेटका औपचारिक पोशाख' एवढं पुरेसं आहे. कंपनीनं स्वतःहून ब्लेझर मागितला असेल तर तसं स्पष्ट लिहावं, आणि निदान एक महिना आधी सांगावं. आठवड्यात कोट शिवून होत नाही.

दोन, हॉस्टेलच्या ऑफिसात एक कपाट. पास होऊन जाणाऱ्या प्रत्येक बॅचला आवाहन करावं: कोट लहान झाला असेल, नको असेल, तर इथे ठेवून जा. छत्तीस ते चव्वेचाळीस, प्रत्येक मापाचे दोन-तीन जमले तरी अकरा जणांत तीन कोट ही वेळ येणार नाही. लायब्ररीच्या पुस्तकासारखी नोंद, आणि परत देताना ड्रायक्लीनची पावती. कुणी घेतला हे मात्र भिंतीवर लावू नये.

तीन, ज्याला शिवायचाय त्यानं दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच शिवावा, आणि एकट्यानं जाऊ नये. दहा जण मिळून एका मास्तरांकडे गेलात तर शिलाईत दोन-तीनशे कमी होतात, हे आम्ही विचारून ठेवलंय. मास्तरांनाही लग्नसराई सोडून काम मिळतं. आणि मास्तरांना तीन गोष्टी न लाजता सांगा: छातीला गोंद नको, माया ठेवा, पूर्ण अस्तर नको. घेताना हात वर करून, खाली बसून, लिहून बघा. आरशासमोर नुसतं ताठ उभं राहून सगळेच कोट चांगले दिसतात.

चार, ही नुसती कल्पना आहे, प्रोजेक्ट म्हणून कुणी घेतली तर बघा. आटपाडी, म्हसवड भागातल्या मेंढ्यांची लोकर राठ असते. तिची घोंगडी होते, अंगाला लावायचं मऊ कापड होत नाही. पण कोटाच्या आतल्या कॅनव्हासला राठ आणि चिवट धागाच लागतो. टेस्टिंग मशीन आपल्याकडे आहेत. लोकर माझा रूम पार्टनर आणून देईल म्हणालाय.

आणखी एक, मुलींच्या हॉस्टेलबद्दल मी काही लिहिलं नाही कारण मला तिथलं माहीत नाही. पण ब्लेझरची ओळ त्यांनाही लागू असते आणि दुकानात त्यांच्या मापाचे त्याहून कमी मिळतात, एवढं वर्गातल्या मुलींनी सांगितलंय. पुढच्या अंकात त्यांच्यापैकी कुणीतरी लिहावं.

परवा दुसऱ्या कंपनीची फेरी होती. रूम पार्टनर त्याचा निळा कोट घालून गेला. निकाल अजून लागलेला नाही, त्यामुळे लेखाचा शेवट गोड करायची माझी इच्छा असूनही तो करता येत नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कोट कसा वाटला?"

तो क्षणभर थांबला. म्हणाला, "कोट? ध्यानातच नव्हता रं. फ्लुइड्सचं विचारलं त्यांनी."

त्या संध्याकाळी त्यानं गावी व्हिडिओ कॉल केला आणि मला मोबाईल लांब धरायला लावला, म्हणजे बटणापर्यंतचा कोट दिसावा. त्याचे वडील काहीच बोलले नाहीत. शेजारच्या कुणालातरी हाक मारून मोबाईल त्यांच्याकडे वळवला, एवढंच.

बघा, पटतंय का. पटलं तर तुमच्या कपाटातला कोट जाताना मागे ठेवून जा. खिसे मात्र आधी तपासा!